पाचवीचा कोरा कागद

गेल्या रविवारी फोनवर तुझा धाकटा भाऊ मला त्याचे नवे गमबूट दाखवत होता. मध्येच तो उठून आत पळाला आणि स्क्रीनवर नुसती खुर्ची उरली. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तू आलीस. बसली नाहीस. उभ्यानेच विचारलंस, "आजी, माझा तो कागद अजून आहे का तुझ्याकडे?"

कोणता, असं मी विचारलं नाही. "आहे," म्हणाले.

"बरं," म्हणालीस आणि गेलीस.

आज तू अकरा वर्षांची आहेस. तेव्हा पाच वर्षांची होतीस. मधली सहा वर्षं त्या कागदाबद्दल आपण दोघी एक शब्द बोललो नाही. आता तू विचारलंस, तर उत्तर नीट द्यायला हवं, आणि ते फोनवर उरकण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुला वाचायला सोपं गेलं असतं, मलाही सोपं गेलं असतं. माझं शिक्षण आणि नोकरीतला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतच झाला. पण इंग्रजीत मी फार व्यवस्थित लिहिते, आणि हे सगळं तितकं व्यवस्थित घडलं नव्हतं. कुठे अडलं तर बाबाला विचार. हे धाकट्यासाठीही आहे, पण तो मोठा झाल्यावर. तुला वाटलं तर तूच त्याला वाचून दाखव.

तेव्हा आपण चौघं आकुर्डीच्या याच फ्लॅटमध्ये राहत होतो. तू, आई, बाबा आणि मी. आजोबा तुझ्या जन्माआधीच गेले होते. बाबा चाकणच्या कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. आईला सातवा महिना सरला तेव्हा ठरलं की बाळंतपणाला तिने माहेरी जायचं. दुसरं बाळंतपण खरं तर सासरी करतात, पण माझे गुडघे तेव्हा फार दुखत होते आणि बाळ-बाळंतिणीची न्हाणी, शेक, मालीश मला झेपणार नव्हती. तुझी गावची आजी, म्हणजे आईची आई, चाकणच्या पलीकडच्या गावात राहते. तिने भावकीतली कितीतरी बाळंतपणं काढलेली. तुझी शाळा असल्यामुळे तू माझ्याजवळ राहायचं. हा निर्णय आम्ही चार मोठ्या माणसांनी बसून घेतला. तुला कोणी विचारलं नाही.

आई निघाली त्या सकाळी तू बूट घालून, पिवळी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दारात उभी होतीस. त्या बाटलीचं झाकण बदकाच्या डोक्यासारखं होतं, पुढे चोच. ती तू कोणाला हात लावू द्यायची नाहीस. झोपतानाही उशाशी घ्यायचीस. गाडी फाटकाबाहेर गेली तरी तू बूट काढले नाहीस. मग मला विचारलंस, "बाळाला शाळा नाही म्हणून ते गेलं का आईबरोबर?"

"हो."

"मग मला पण शाळा नको."

मी पुस्तकांवर भरवसा ठेवणारी बाई. मी लहान मुलांच्या मनावरची दोन इंग्रजी पुस्तकं मागवली. दोन्हींत एकच सांगितलं होतं. मोठ्या मुलाला बाळाच्या येण्यात काहीतरी काम द्या, आणि गोष्टी सांगून त्याच्या मनाची तयारी करा. मी लगेच वेळापत्रक केलं. शाळेतून आलीस की जेवण, मग गोष्ट, मग झोप. पहिले काही दिवस मांजरीची पिल्लं, चिमणीची पिल्लं, खारीची पिल्लं झाली. एका दुपारी तू पालथी पडून उशीत तोंड खुपसलंस आणि म्हणालीस, "पिल्लं बास."

त्याच संध्याकाळी गावच्या आजीचा फोन आला. पाचवीला काय काय आणायचं ते ती सांगत होती आणि फोन स्पीकरवर होता. "पाचवी म्हणजे काय?" तू विचारलंस. मी सांगितलं की बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई नावाची देवी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची आणि शेजारी एक कागद आणि लेखणी ठेवायची. माझा या गोष्टीवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण तुझे डोळे चमकलेले मी पाहिले आणि वाटलं, मिळाली गोष्ट. कामही मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून आपली सटवाई सुरू झाली. ती म्हातारी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत पेनं. भोसरी, मोशी, चाकण एवढा तिचा भाग. ती शेअर रिक्षाने फिरायची.

"तिला सीट मिळते?"

"चौथी. ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धी बाहेर."

"पडेल ना."

"दांडा धरते घट्ट."

"मग पिशवी कोण धरतं?"

"ड्रायव्हर म्हणतो, आण म्हातारे, माझ्या मांडीवर ठेव."

तू इतकी हसलीस की ठसका लागला. मग रोज त्या रिक्षात काहीतरी व्हायचं. कधी पंक्चर, कधी शेजारी कोंबडी घेतलेला माणूस. चाकणच्या तर पाचवीलाच ट्रॅफिक पुजलेलं, त्यामुळे सटवाईला दर घरी उशीर व्हायचा. शिवाय तिच्या चष्म्याचा नंबर वाढलेला. मग ती काय करायची? घरातल्या मोठ्या भावंडाला विचारायची, "सांग गं राणी, काय लिहू?" आणि मोठं भावंड सांगेल ते लिहायची.

हा शेवटचा भाग मी रचलेला होता. असं कोणत्याही घरात, कोणत्याही गावात सांगत नाहीत. सटवाई कोणाला विचारत नाही, हीच तर तिची सगळी गोष्ट आहे. पण पुस्तकात लिहिलं होतं, काम द्या. मी दिलं.

तू उठून बसलीस. "काय पण सांगितलं तरी?"

"काय पण."

"आणि ते खरं होतं?"

"होतं."

त्या दुपारी मी स्वतःवर फार खूश होते.

बहीण झाली. तिसऱ्या दिवशी आई आणि बाळ दवाखान्यातून गावच्या आजीच्या घरी आली आणि पाचव्या दिवशी दुपारी बाबा आपल्याला घेऊन निघाला. गावच्या आजीचं घर तुला आठवत असेल. खाली ती, वर कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या. जिन्याच्या कठड्यावर त्यांचे निळे शर्ट वाळत होते. तिने दारातच तुकडा ओवाळून टाकला आणि मला म्हणाली, "आलात का, इनबाई! मला वाटलं, ट्राफिकमदीच पाचवी करता का काय."

आतल्या खोलीत तिने पाटा धुऊन मांडला होता. हळदकुंकू, सुपारी, विळा. "कागद आणि पेन आमची मोठी ठेवणार आहे," मी म्हणाले.

"लेकरू? आमच्यात न्हाई बाई हात लावू देत लेकरांना."

"तिला काम दिलं की तिला बाळ आपलं वाटेल."

"पुस्तकात लिवलंय जनू?"

"हो."

"मंग ठेव बाई," ती तुला म्हणाली. "पुस्तकाम्होरं आमी काय बोलनार?"

मी पर्समधून कोरा कागद आणि काळं पेन काढून तुला दिलं. तू ते दोन्ही हातांत धरून पाट्यासमोर बसलीस. "मी इथेच बसते थोडा वेळ," म्हणालीस. मी स्वयंपाकघरात गेले. दहा-पंधरा मिनिटांनी परत आले तर तू आईच्या खोलीत गेली होतीस आणि पाट्याशेजारच्या कागदावर चित्र होतं.

एका बाजूला घर. त्यात चार माणसं, सगळ्यांत लहान तू, एकीला चष्मा. दुसऱ्या बाजूला, कागदाच्या अगदी कडेला, बस. बसच्या खिडकीत एक गोल डोकं, केस नसलेलं. बसखाली तू चाकांना खूप गोल गोल गिरवलं होतंस, म्हणजे ती जोरात चालली होती.

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. भोसरीतल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं ड्रॉइंगचं खातं सांभाळलं. मशीनवरचा कामगार समोर लावलेल्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवतो. ड्रॉइंग चुकीचं असेल तर पार्ट चुकतो, त्यात कामगाराचा दोष नसतो. म्हणून आमचे तीन नियम होते. चुकीचं ड्रॉइंग दिसताक्षणी उचलायचं. त्याच्या जागी बरोबर लावायचं. आणि ज्याने ते काढलं त्याला जाऊन विचारायचं, कळवायचं. तिसरा नियम सगळ्यांत कटकटीचा. त्यासाठी माणसाशी बोलावं लागतं.

मी पहिले दोन पाळले. दिवा लावायला अजून वेळ होता, खोलीत कोणी नव्हतं. मी तुझा कागद उचलला, पर्समधला दुसरा कोरा कागद तिथे ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं. तुझ्या कागदाची चौघडी करून पाठीमागे पेन्सिलीने तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, "पाट्याजवळून काढला." हात आपोआप चालले. आकुर्डीला आल्यावर तो निळ्या फाइलला लावला.

तुला काही सांगितलं नाही. तुला लाज वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं मी बराच काळ स्वतःला समजावलं. खरं ते नव्हतं. गावच्या आजीने तो कागद पाहिला असता तर माझं पुस्तक खोटं ठरलं असतं. मला माझी लाज वाटत होती.

संध्याकाळी पूजा झाली. तू हात जोडून, डोळे गच्च मिटून बसलीस. मग उठलीस आणि पहिल्यांदाच बाळाजवळ गेलीस. तोवर तू तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतंस. तू वाकून तिच्या तळपायाचा पापा घेतलास आणि म्हणालीस, "मऊ आहे." आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

गावची आजी माझ्याकडे वळली. "बगा, पुस्तक खरं निघालं म्हनायचं."

मी मान डोलावली. मला तेव्हा कळलं नाही की तू तिला निरोप देत होतीस.

अकराव्या दिवशी आपण दोघी आकुर्डीला होतो. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. घुगऱ्यांसाठी मी सकाळीच हरभरे भिजत घातले होते. दुपारी बाबाचा फोन आला की बाळ सकाळपासून दूध घेत नाही, ओठ निळसर दिसतात, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय. संध्याकाळच्या आत ती गेली. तिच्या हृदयाची घडणच पोटात अपुरी झाली होती. कधी कधी ते आधी तपासणीत दिसतं, कधी दिसत नाही, असं डॉक्टरांनी बाबाला सांगितलं.

बारसं व्हायचं राहिलं म्हणून तिला नाव नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, या लिहिण्यात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही. तिला नाही तर आपल्यालाही नको.

बाबा घरी आला. तुला जवळ घेऊन म्हणाला, "बाळ देवाघरी गेलं, राणी."

तू विचारलंस, "बसने?"

बाबा बाथरूममध्ये गेला आणि त्याने नळ सोडला. मी तुला मांडीवर घेतलं. तुझा शब्द मी ऐकला होता. लहान मुलाचं बोलणं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही त्याचा अर्थ लक्षात आला नाही. हरभऱ्यांची कोणाला आठवण झाली नाही. तिसऱ्या दिवशी मी झाकण काढलं तर त्यांना मोड आले होते.

सव्वा महिन्याने आई आकुर्डीला आली. ती खिडकीशी बसून राहायची. बाबा कामावर जायचा आणि यायचा. आणि घरातली पेनं नाहीशी व्हायला लागली. आधी टेलिफोनजवळचं, मग बाबाच्या खिशातलं, मग माझ्या टेबलावरची तिन्ही. माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत, हे तुला माहीत आहे. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली की मुलगी पेन्सिल हातात धरत नाही, वहीवर डोकं ठेवून बसते. चित्र काढायचं तर तू कधीच सोडून दिलं होतंस. रंगांची पेटी शेजारच्या घरी देऊन आलीस, हे मला शेजारणीने सांगितलं.

एका दुपारी मी तांदूळ मोजायला डबा उघडला. वाटी आत घातली आणि काहीतरी टोचलं. सगळी पेनं तांदळात उभी खोचून ठेवली होती.

तू पलंगावर जागीच होतीस. मी शेजारी बसले.

"पेनं तू ठेवलीस का गं?"

तू मान डोलावलीस.

"का?"

"कोणी लिहायला नको."

"काय लिहायला?"

तू भिंतीकडे वळलीस. भिंतीलाच सांगितलंस, "मी लिहिलं ना, बाळाला बसमध्ये बसव. मग सटवाईने बसवलं."

रोज दुपारी त्या म्हातारीला रिक्षात बसवून मीच घरात आणली होती. महिनाभर. मोठं भावंड सांगेल ते खरं होतं, हे मीच सांगितलं होतं. आणि तू तेव्हापासून एकटीने हे वागवत होतीस. शाळेत, जेवताना, आईच्या शेजारी बसताना.

मी उठून कपाटातून निळी फाइल आणली. सांगायला लाज वाटते, पण फाइल उघडताना मला क्षणभर आनंद झाला होता. आयुष्यभर कागद जपायची सवय याच दुपारसाठी लागली असावी असं वाटलं. मी चौघडी उलगडली. "हा बघ. ओळखलास? हा मी दिवा लावायच्या आधीच उचलला होता. मागे तारीख बघ. सटवाईने हा पाहिलाच नाही. तिला माहीतच नाही."

तू कागद पाहिलास. मग म्हणालीस, "मग तिथे काय होतं?"

"दुसरा कागद."

"त्याच्यावर काय होतं?"

"काही नाही. कोरा."

"कोरा?" तू उठून बसलीस. "मग सटवाईने काय लिहिलं?"

मी कागद उलटून पुन्हा तारीख दाखवली.

"तू कोरा ठेवलास. म्हणून बाळाला काहीच मिळालं नाही." तुझा आवाज चढत गेला. "तू केलंस, आजी. तू केलंस!"

मी सांगू शकले असते की सटवाई नसते. सांगू शकले असते की बाळाचं हृदय आजारी होतं, कागदाचा काही संबंध नाही. ते आईबाबांनी तुला आधीच सांगितलं होतं आणि तू ऐकून सोडून दिलं होतंस. मी बोलायला तोंड उघडलं आणि तुझ्याकडे पाहिलं. इतके दिवस तुझे खांदे कानांपर्यंत चढलेले असायचे, थंडी वाजल्यासारखे. ते खाली आले होते. तू रडत होतीस, मोठ्याने, तोंड उघडून. बाळ गेल्यापासून तू रडली नव्हतीस.

मी म्हणाले, "हो. मी केलं."

तू मला मारलंस. दोन्ही मुठींनी, माझ्या मांडीवर, पोटावर. मी मारू दिलं. आई धावत आली. तू तिच्या गळ्यात पडलीस आणि तिने तुला घट्ट धरलं. माहेरहून आल्यावर तिने पहिल्यांदाच कोणाला असं धरलं होतं. मी पेनं धुऊन, पुसून पुन्हा टेबलावर ठेवली. पुढच्या सोमवारी शाळेत तू पेन्सिल धरलीस, अशी बाईंची चिठ्ठी आली.

आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "आई, तुम्ही उगीच ते सटवाईचं काढलंत," एवढंच म्हणाली, आणि ते बरोबर होतं.

रविवारी गावची आजी डिंकाचे लाडू घेऊन आली. तू तिला सांगितलंस की आजीने कागद कोरा ठेवला म्हणून बाळ गेलं. ती उठली. मी स्वयंपाकघरात होते तिथे आली आणि दार लोटून घेतलं.

"इनबाई, कागूद कोराच असतो. समद्यांचा. माझ्या चार लेकरांचा कोरा, तुमच्या सुनंचा कोरा. लिवलेला कागूद कुनी ठेवतं व्हय? सांगते मी तिला आत्ता."

मी तिचा हात धरला. "नका सांगू."

"का?"

"ते ओझं माझ्याकडून निघालं तर परत तिच्याकडे जाईल."

तिचीही नातच गेली होती, तिच्याच घरातून. मग तिने लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला. "बरं. मंग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. जड हाय, पर तुमी उचलाल." दाराशी जाऊन परत वळली. "तेवढं पुस्तक मातुर आता बंद करा."

त्यानंतर तू माझ्याकडून गोष्ट ऐकली नाहीस. दुपारी जेवलीस की आईच्या खोलीत जायचीस आणि दार लावायचीस. आतून तिचा आवाज यायचा. ती गोष्ट सांगू लागली होती, अडखळत, मधे थांबत, आणि तू तिला पुढे काय ते विचारायचीस. मी बाहेर बसून ऐकायचे. तिच्यासाठी ते चांगलंच झालं. वर्षभराने बाबाच्या कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं. विमानतळावर तू गावच्या आजीच्या कमरेला मिठी मारलीस. माझ्या पाया पडलीस, बाबाने सांगितलं म्हणून.

धाकटा तिकडे झाला तेव्हा पाचवी करायची का, हे विचारायला बाबाचा फोन आला होता. मी उत्तर देण्याआधी मागून तुझा आवाज ऐकला. "नको." नाहीच केली. आता तो तीन वर्षांचा आहे आणि रविवारी मी त्याला फोनवर ससा, कासव असलं काहीबाही सांगते. मी गोष्ट सुरू केली की तू स्क्रीनच्या बाहेर जातेस. तुझं कोपर तेवढं दिसतं कधी कधी. म्हणजे तू खोलीतच असतेस. मी रागावलेली नाही. हे मीच मागून घेतलं होतं.

पण आता तू अकरा वर्षांची आहेस आणि कागदाची चौकशी करते आहेस. म्हणून सांगते. तिचं हृदय तू बूट घालून दारात उभी राहिलीस त्याच्या कितीतरी आधी तसं घडलं होतं. पाचवीचा कागद सगळ्यांचा कोराच असतो, तुझाही होता, गावच्या आजीला विचार. तू काही केलं नाहीस. मीही नाही. त्या दुपारी मी "हो" म्हणाले ते खोटं होतं, आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा म्हणेन. माझी चूक वेगळी होती. मी तुझा कागद तुला न विचारता उचलला.

रविवारी फोन ठेवल्यावर मी निळी फाइल काढली. इतक्या वर्षांत मी तो कागद एकदाच उलगडला होता, तुझ्यासमोर, आणि तेव्हाही पाठीमागची तारीख दाखवायच्या घाईत. पाट्याजवळ पाहिला तोही उभ्या उभ्या. या वेळी टेबलावर पसरून, चष्मा पुसून नीट बघितला. घर, चार माणसं, बस, गिरवलेली चाकं. आणि बसच्या खिडकीत, बाळाच्या डोक्याशेजारी, आणखी काहीतरी आहे. मला ते खिडकीचा दांडा वाटलं होतं. उभट आहे, वर एक पट्टा लोंबतोय, आणि टोकाला चोचीसारखं काहीतरी पुढे आलंय.

मूळ कागद या पाकिटात घातला आहे. तो तुझा आहे. खिडकीतलं ते काय आहे, याचा मला अंदाज आहे. पण ड्रॉइंग ज्याने काढलं त्यालाच विचारायचं असतं. तेव्हा विचारलं नाही. आता विचारते आहे, राणी. बाळाबरोबर तू काय पाठवलं होतंस?